दोन बोटं क्लचवर

नाही मावशी, पाणी नको, कॉफीपण नको — फोन तेवढा इकडे कडेला सरकवा, म्हणजे वाजला की लगेच — हो, कळतंय मला, घंटा पार चर्चपर्यंत ऐकू जाते, तरी सरकवा. तुमच्या या घाटात मोबाइलला रेंज नाही, म्हणून फॉस्कोला मी तुमचाच नंबर दिलाय. फॉस्को म्हणजे आमच्या स्कूटर क्लबचा अध्यक्ष. खाली गावात टेबल टाकून बसलाय, येणाऱ्यांच्या कार्डांवर शिक्के मारत. रॅली आहे आमची. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत, तीन दिवस, पन्नास-साठ वर्षांच्या जुन्या स्कूटर आणि त्यांच्यावर सत्तरी उलटलेले टोणगे. मी बावीस नंबर. चौदा नंबर माझे पप्पा, इव्हो. तुम्ही पाहिलं असेल त्यांना, हिरवी स्कूटर, लाल मफलर — हात केला तुम्हाला? करणारच. सगळ्यांनाच करतात. ओळखीचं कोण नि परकं कोण ते आता कळत नाही ना, मग सरसकट करून टाकतात.

माझी? ती काय, बाहेर आडवी पडलीय. शेवटच्या वळणाला पिस्टन जॅम. तिथून ढकलत आणली. टाकीत नुसतं पेट्रोल, ऑइलचा थेंब नाही! तुमच्या मालकांची होती म्हणालात, मग तुम्हाला माहीतच असणार — पेट्रोल भरायचं, त्यात मापानं ऑइल ओतायचं, मग दोन्ही बाजूंनी धरून स्कूटर गदागदा हलवायची, मिसळावं म्हणून. ऑइल नसलं की इंजिन तापतं नि एका क्षणात धरून बसतं. मागचं चाक जागच्या जागी अडकतं. मी पडले नाही, कारण डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर होती. सोळाव्या वर्षापासूनची सवय, पप्पांनी लावलेली. ‘दोन बोटं क्लचवर, नीव्हेस, झोपेतसुद्धा! दाबलास की चाक सुटतं. नाही दाबलास तर तुझं थोबाड नि डांबर.’ दाबला मी. वाचले. पण त्यांच्या टाकीतही तेच आहे मावशी. सकाळी एकाच पंपावर, एकाच वेळी भरलंय दोघांनी. त्यांच्या टाकीत आधीचं मिसळलेलं जरा जास्त होतं, म्हणून ते घाट चढून गेले — म्हणजे आता जॅम होणार ते उतारावर.

मागून येणाऱ्यांना सांगितलं ना! तेवीस, चोवीस, सगळ्यांना रस्त्यात आडवं होऊन सांगितलं. ते गेलेत खाली. पण ती खटारं पप्पांना कुठली गाठायला? तुमची गाडी मालक बाजाराला घेऊन गेलेत, बस दुपारी दोनला. मी काय करू, धावत जाऊ? अठरा किलोमीटर? मघाशी फोनवर फॉस्को काय म्हणाला, ऐकलंत? हसला. ‘येईल गं पोरी, वळणाआड उभा असेल घड्याळ बघत.’ कारण इथे वेळेच्या आधी पोचलं तरी गुण कापतात, म्हणून सगळे शहाणे शिक्क्याच्या अलीकडे दडून उभे राहतात, सिगरेट ओढत, आपलं मिनिट येईपर्यंत. पण पप्पांचं मिनिट अकरा वीसला होतं! आता किती वाजले? अकरा सदतीस. मग मी किंचाळले, तेव्हा कुठे त्यानं व्हॅन वर पाठवली.

हा फॉस्को मागच्या वर्षीपासून जाणून आहे. पप्पा क्लबच्या जेवणात स्वतःच्याच भावाचं नाव विसरले, तेव्हा शेजारी हाच बसला होता. डॉक्टरलाही माहीत. तरी स्कूटर चालवायला फिट म्हणून सर्टिफिकेट दिलं त्यानं, वर मला म्हणतो, ‘बापाचं एवढं सुख हिरावून घेऊ नकोस.’ सगळ्यांना फोटोत इव्हो पाहिजे, क्लबचा पहिला सभासद! त्यांचं जेवण, गोळ्या, रस्ता चुकणं, ते पाहायला मी. कॉलेज सोडलेली पोरगी, रिकामटेकडीच की. मी म्हटलं होतं, निदान मला त्यांच्या लगेच मागचा नंबर द्या. तर म्हणे, ज्येष्ठतेप्रमाणे नंबर, नियम म्हणजे नियम. मिनिटाला एक स्कूटर सोडतात, म्हणजे आठ मिनिटं मागे टाकलं मला. आणि काल सपाटीवर क्षणभर गाठलं त्यांना, तर पाहिलं — हँडल पूर्ण मुठीत धरलेलं. लहान पोरं धरतात तसं, घट्ट. क्लचवर बोटं नव्हती, मावशी.

ऑइल? ते विसरले असं कधी म्हणाले मी? नाही — म्हणजे — ऑइल मीच घालते. वर्ष झालं, त्यांच्या हातात बाटलीच देत नाही मी. ते पेट्रोल भरतात, मी ऑइल ओतते, मग दोघं मिळून हलवतो. आज सकाळी पंपावर सगळ्यांसमोर विचारलं त्यांनी, ‘नीव्हेस, परीक्षा कधी तुझी?’ इंजिनिअरिंग सोडून दोन वर्षं झाली मला. दर चार दिवसांनी विचारतात, दर चार दिवसांनी मी सांगते, आणि दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळतं. दर वेळी तोच चेहरा, तोच आरडाओरडा, ‘मी आयुष्यभर लेथवर बोटं झिजवली ती यासाठी?’ आज मला तो चेहरा नको होता. बस्. नको होता. म्हटलं, आज सगळ्याला हो म्हणायचं. परीक्षा दिलीस? हो. पास झालीस? हो पप्पा. खूश झाले हो! कपाळाची पापी घेतली, फॉस्कोला हाक मारून सांगितलं, पोरगी पास झाली म्हणून — आणि तो म्हातारा टाळ्या वाजवतोय, सगळं माहीत असून. मग पप्पांनी विचारलं, ‘ऑइल घातलंस?’

हो म्हणाले मी.

त्यांनी दोन्ही स्कूटर हलवल्या. एकट्यानं, नीट, मन लावून. मी बघत होते. बाटली ही इथे आहे, माझ्या पिशवीत. बघा ना, झाकणाचं सील पण — 

वाजतोय.

थांबा मावशी. उचलू नका. अजून एकदा वाजू दे.