गुटीतली काळी वडी

(१९४३. राहुरीजवळच्या मळ्यातलं घर. दगडाबाईच्या हातात शेळीच्या दुधाची वाटी, सुनेच्या मांडीवर तान्ही पोर. मुलगा नगरच्या लष्करी क्यांपातून नुकताच आलेला.)

लंकाबाई : वाटी खाली ठिवा, आत्याबाई. माझी पोर शेळीचं दूध प्यायची न्हाई.

दगडाबाई : तुझंच दूध बाधतंय तिला. डोळ्याला डोळा न्हाई, छाती बघ कशी धडधडतीया. आजपासनं अंगावर पाजायचं बंद.

लंकाबाई : तुमी घातलं तेच खाल्लंय मी. अळीव, डिंक, बाजरीची भाकर. मंग माझंच दूध नासकं कसं?

सूर्यभान : अगं, जरा दमानं.

लंकाबाई : तुमी गप बसा. आईपुढं तोंड उघडत न्हाई अन् मला दम धरायला सांगता.

सूर्यभान : म्या धाडलेलं चाकलेट तरी खाल्लंस का?

लंकाबाई : कसलं चाकलेट?

सूर्यभान : काळी कडू वडी, गोऱ्यांच्या भटारखान्यातली. डागदर म्हनला, बाळंतिनीला थोडी थोडी दे, रगत भरंल.

लंकाबाई : मला नखाएवढीबी दिसली न्हाई.

दगडाबाई : दिसंल कशी? ह्यानं सांगावा धाडला, बाळंतघराचं औशद हाय, ताकतीचं. सून धडधाकट, नात वितीएवढी. ताकद कुनाला पायजे? रोज गुटीत उगाळतीया. हिरडा, वेखंड, मायफळ, अन् मंग ती वडी.

सूर्यभान : गुटीत?

लंकाबाई : का वो, तोंड का उतरलं?

सूर्यभान : पहाऱ्यावरच्या शिपायांस्नी देत्यात ती. झोप येऊ नये म्हनून. लई खाल्ली की छाती धडधडती.

लंकाबाई : मंग औशद का म्हनलात?

सूर्यभान : गोऱ्यांचं खानं म्हनलो असतो, तर आयेनं उकिरड्यावर टाकलं असतं.

लंकाबाई : म्हंजे आईला भ्यायलात तुमी, अन् भोगलं माझ्या पोरीनं. रातरात टाहो फोडत हुती, अन् ह्या आळीभर सांगत फिरल्या, सुनेच्या दुधात खोट हाय. लेकरू तोडाया निघाल्या माझं. मला इचारावं असं एकालाबी वाटलं न्हाई. मी ह्या घरात कोन हाय?

सूर्यभान : चुकलं माझं.

लंकाबाई : चुकलं म्हनून पोर झोपत न्हाई. आत्याबाई, ती सहान राखेनं घासून आना. अन् वाटी न्या हितनं.

दगडाबाई : नेते. पर तिला चाटवायच्या आदी रोज मी सोता चाखत हुते गं, काय बाधू नये म्हनून. मलाबी झोप न्हाई. मला वाटलं, पोरीच्या काळजीनंच लागत न्हाई.