मोटर एक, कामं दोन

…नाही, पण मी म्हणतो, माझीच का? तीन मोटरी होत्या की आत! एक ती कागदावर शाई उडवणारं डोकं डावीकडून उजवीकडे पळवणारी, एक कागद ओढणारी, आणि एक माझी. माझी म्हणजे पंपाची हो! प्रिंटर चार दिवस बंद राहिला की शाईच्या बारीक भोकांत शाई वाळून बसते, ती चूं चूं करून चोखून काढायची, हे माझ्या मोटरीचं काम. कंपनीत लागल्यापासून मी त्या मोटरीचा माणूस. आणि एक दिवस आमचे उशियामा साहेब येतात, भिंतीकडे बघत उभे राहतात, आणि भिंतीलाच सांगतात, "पुढच्या मॉडेलमध्ये मोटर एक, कामं दोन. कागदाची मोटरच पंप चालवेल. हिदाका, तेवढं बघा."

तेवढं बघा! म्हणजे माझी मोटर मीच काढायची! एखाद्याला म्हणावं, बाबा रे, तुझी खुर्ची जड आहे, जाताना जरा उचलून ने…

आणि तुम्हाला सांगतो, हे ओसाकात झालं असतं ना, तर निदान चार माणसं ओरडली असती, "काहीही काय!" मी ओसाकाचा. आमच्याकडे माणूस बोलला की दुसरा उलटून बोलतोच, तो कायदा आहे. भाजीवालीला म्हणा, "मुळा केवढा, माझ्याहून उंच!" ती म्हणणार, "तुमच्याहून शहाणाही आहे, नेता का?" झालं! दिवस चांगला गेला! कॉलेजात तर मी आणि इसोगाई, आमची जोडी होती स्टेजवर. मी वेड्यासारखं काहीतरी बरळायचं, की तो पालथ्या हाताने माझ्या छातीवर चापट मारून म्हणणार, "काहीही काय!" आणि लोक हसणार. लोक माझ्या बरळण्याला हसतात असं मला वाटायचं. अहो कसलं! त्या चापटीला हसायचे! चापट नसेल तर उरतो कोण? नुसता एक येडा, मोठ्याने बोलणारा.

आणि तोच येडा आला इथे. डोंगरांच्या मधोमध, तळ्याकाठी, जिथे माणसं… कसं सांगू… भली आहेत हो, फार भली! पण बोलत नाहीत! माझ्यासमोर बसतात ते मोमोसे सान, म्हणजे आपले मोमोसेराव, कागदाच्या मोटरीचे. साठीला टेकलेले. दुपारी तीनला चहा आला की घरून आणलेल्या पाल्याच्या लोणच्याचा डबा उघडतात आणि झाकण माझ्याकडे सरकवतात. वाढलेलं असतं त्यात. झालं, संपलं संभाषण! एकदा मी म्हटलं, "मोमोसे सान, हे लोणच्यात मीठ आहे की मिठात लोणचं?" आता बघा, किती सोपा चेंडू टाकला होता! ओसाकातलं पाच वर्षांचं पोरसुद्धा मारेल! मोमोसे सान थांबले. विचार केला. म्हणाले, "…जास्त झालं का मीठ?" आणि दुसऱ्या दिवशी अळणी लोणचं आणलं! माझ्यासाठी वेगळं घातलं होतं! अहो मला रडू यायचं बाकी राहिलं. विनोद केला होता मी, तक्रार नव्हती केली!

माणसांचं सोडा. इथलं तळं पूर्वी थंडीत गोठायचं, आणि गोठलं की एका रात्री कडाड् करून बर्फ फुटायचा, अख्खं गाव जागं व्हायचं म्हणे. गेली कित्येक वर्षं नीट गोठतच नाही. म्हणजे बोलणारं एक तळं होतं, तेही मी यायच्या आधी गप्प झालं!

तर काय सांगत होतो… हां, मोटर एक, कामं दोन.

केलं. काय करता? युक्ती तशी सोपी. ते शाईचं डोकं काम झालं की उजव्या कोपऱ्यात जाऊन बसतं ना, तिथेच एक छोटासा खटका ठेवला. डोकं कोपऱ्यात गेलं की त्या खटक्याला धक्का देतं, खटका एक चाक सरकवतो, आणि कागदाच्या मोटरीचा जोर कागद सोडून पंपाला लागतो. डोकं परत निघालं की पुन्हा कागद. पंपाची मोटर गेली, तिच्या वायरी गेल्या, तिला धरून ठेवणारे स्क्रू गेले. हातात घेतलं तर यंत्र हलकं लागत होतं. उशियामा साहेब भिंतीला म्हणाले, "छान." मी भिंतीच्या वतीने आभार मानले.

फक्त एक झालं. डोकं त्या खटक्यावर आदळलं की आवाज यायचा. खटाक्!

आता आमच्याकडे पद्धत अशी, की नवीन नमुना ज्याने केला त्याने घरी न्यायचा, डिसेंबरात, आणि नववर्षाची कार्डं छापून बघायची. कारण या देशात घरातला प्रिंटर वर्षभर धूळ खातो आणि डिसेंबरात राब राब राबतो. नेला घरी. रविवारची दुपार, एक खोली, एक हीटर, एक मी. कार्डं लावली. झुईंऽ झुईंऽ… एक कार्ड बाहेर. मग शाई वाळेपर्यंत तो जरा थांबतो, आणि मगच डोकं कोपऱ्यात जातं. मला शांतता सहन होत नाही हे तुम्हाला कळलंच असेल, म्हणून मी आपलं काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "शुक्रवारी कॅन्टीनमध्ये शेवटी कुणीतरी माझ्या शेजारी बसलं. माझा कोट."

खटाक्!

मी वळून बघितलं. अहो… ती वेळ! ते अंतर! मी वाक्य संपवलं, अर्धा श्वास गेला, आणि खटाक्! इसोगाईची चापट! तंतोतंत! मी म्हटलं योगायोग असेल. पुढचं कार्ड. झुईंऽ झुईंऽ… "घरमालकीण म्हणाली, खोलीतून फार बडबड ऐकू येते. मी म्हटलं, मी तर एकटाच राहतो. म्हणाली, म्हणूनच विचारतेय!"

खटाक्!

तुम्हाला सांगतो, मी जमिनीवर बसून हसलो. पोट धरून! पुढचं कार्ड, पुढचं कार्ड… "परवा दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. दात ठीक आहेत. कुणीतरी 'आ करा' म्हणावं, एवढ्यासाठी गेलो होतो." खटाक्! कार्डं संपली तर मी दुकानात जाऊन आणखी आणली! कुणाला पाठवायची होती? कुणालाच नाही! अहो, यादी केली तर आई आणि इसोगाई, दोन कार्डांत काम संपलं असतं. मी छापत होतो फक्त त्याने उलटून बोलावं म्हणून. अख्ख्या खोऱ्यात मला उलटून बोलणारा एकच जण होता, आणि तो मी स्वतःच्या हाताने, स्वतःची मोटर मारून, जन्माला घातला होता!

मग रिपोर्टात आवाजाबद्दल लिहायचं की नाही? तुम्ही काय केलं असतं? मी लिहिलं, "आवाज: किंचित." किंचित! भिंतीपलीकडच्या बाईंनी दोनदा दार वाजवलं होतं! पण लिहिलं.

आणि मग ती मीटिंग. लांब टेबल, मधोमध माझा बहाद्दर, कार्डं छापतोय. भोवती सगळी मंडळी, माना खाली. उशियामा साहेब उभे राहिले. "या मॉडेलवर," म्हणाले, "मी स्वतः फार विचार केलेला आहे."

खटाक्!

मी ओठ चावले. साहेब पुढे म्हणाले, "आपल्याकडे तरुणांचं म्हणणं नेहमीच ऐकलं जातं."

खटाक्!

अहो कसा आवरू? फुटलो! फिस्स करून! ओसाकात अख्खा हॉल कोसळला असता, लोकांनी टाळ्या दिल्या असत्या, साहेबांना लोकांनी जेवायला नेलं असतं! इथे? इथे एकजण हसला. मी. बाकी सगळे आपापल्या कपात बघतायत. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा भिंत सोडून माझ्याकडे बघितलं.

"हिदाका, काय झालं?"

"काही नाही साहेब."

खटाक्!

"हा आवाज," साहेब म्हणाले.

मी उभा राहिलो. खरंच राहिलो हो! म्हटलं, "साहेब, राहू द्या ना. आवाज असला की कळतं… म्हणजे एकट्या माणसाला कळतं, की कुणीतरी काम करतंय. ज्यांच्या घरी कुणी नसतं…" आणि तिथे माझी गाडी थांबली. कारण सगळे ऐकत होते! अहो, न ऐकणाऱ्यांपुढे मी दिवसभर बोलेन, पण सगळे ऐकायला लागले आणि माझी जीभच अडखळली. साहेब हळूच म्हणाले, रागाने नाही, तेच तर वाईट… "काढा तो."

काढायला किती वेळ लागावा? मला वाटलं, दोन-तीन महिने जातील. रबर लावू, नाही जमणार. खटक्याचा आकार बदलू, तोही नाही जमणार. मनात म्हटलं, जगेल बिचारा वसंतापर्यंत. तर तुम्हाला सांगतो, एक आकडा! डोकं कोपऱ्याकडे जाताना शेवटच्या टप्प्यात किती वेगाने जावं, तो एक आकडा! तेवढा कमी केला, डोकं दबकत दबकत गेलं, खटक्याला नुसता खांदा लावला, आणि… काही नाही. एकही सुटा भाग वाढला नाही. इतकं सोपं, की न सापडल्याचं सोंग करायचीही सोय राहिली नाही. समोर मोमोसे सान बसले होते ना! बघत होते!

तीन वाजले. चहा आला. झाकण सरकलं माझ्याकडे. आणि मोमोसे सान, ज्यांनी मला दोन वर्षांत मिठाबद्दल सोडून काही विचारलं नाही, ते कपात बघत म्हणाले, "बरा बोलायचा."

मी म्हटलं, "कोण?"

"तो."

"अहो मोमोसे सान! मग मीटिंगमध्ये बोलायचं ना तुम्ही!"

त्यांनी विचार केला. बराच केला. आणि लोणचं आणखी वाढलं.

नववर्षाला घरी गेलो नाही, नवीन गप्प नमुना तपासायचा होता ना, तो घेऊन खोलीवर बसलो. एक तारखेच्या सकाळी पोस्टमन आला. एक कार्ड! इसोगाईचं! वरती लाल सूर्य, खाली त्याच्या अक्षरात, "यंदापासून नववर्षाची कार्डं पाठवणं बंद करत आहे. राग मानू नये. फोनवर भेटूच." हल्ली सगळे पाठवतात असं. कार्ड बंद करतोय हे सांगायला कार्ड! मी प्रिंटर बनवतो हो! माझ्याच मित्राने, माझ्याच धंद्याला, माझ्याच पेटीत रजा कळवली! आता याला कुणी तरी "काहीही काय!" म्हणायला नको?

म्हटलं, उत्तर तर देणार. नवीन नमुन्यात कार्ड लावलं. छापलं: "तू कार्डं बंद केलीस, मी मोटर बंद केली. आता तोंड कोण आधी बंद करतंय बघू." अगदी स्टेजवर वाचावं तसं मोठ्याने वाचलं. वर्षातला सगळ्यात चांगला विनोद होता, शपथ सांगतो! झुईंऽ झुईंऽ… कार्ड बाहेर आलं. डोकं कोपऱ्याकडे निघालं. मी थांबलो. अर्धा श्वास…

डोकं दबकत गेलं, खाली मान घालून कोपऱ्यात बसलं, आणि गप्प. भलं आपलं! नम्र! वाटलं, आता हळूच लोणचं पुढे करेल. शेवटी तोही इथलाच झाला हो!

मग काय करणार… खोलीत बघितलं, कुणी नाही. हात उचलला, पालथ्या हाताने स्वतःच्याच छातीवर एक चापट मारली, आणि म्हटलं, "काहीही काय!"

वेळ थोडी चुकली. जमेल, सराव करतोय. शेवटी काय, मोटर एक, कामं दोन!