बांधावरची हरळी

आदरणीय अध्यक्ष जगदेवराव, मंचावरील प्राचार्या विजयमालाताई, सत्कारमूर्ती कौसर मॅडम, त्यांचे पती सादिकभाई, सहकारी आणि विद्यार्थीमित्रांनो,

सत्तावीस वर्षं मॅडम वाशीमहून एसटीनं अनसिंगला आल्या; आज निवृत्त होताहेत. बोटांना कायम रंगीत खडू. त्या जीवशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. मी चिडवलं की म्हणायच्या, "शेषराव सर, तुमच्या कवितेनं जखम भरते काय? पेशीनं भरते."

सात वर्षांपूर्वी मला लघवीतून रक्त गेलं. हसू नका, पोरांनो! हा शब्द उच्चारायच्या लाजेपायी किती बाप गेले आपले? मीही दुखत नाही म्हणून, उष्णता समजून, धन्याचं पाणी पीत बसलो. निघाला मूत्राशयाचा कर्करोग. अकोल्याला दुर्बिणीतून गाठ काढली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावलं होतं. गेलो नाही. गाठ गेली, आता कायले जायचं?

मॅडमच्या कानावर गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या वावरातली मूठभर हरळी आणा. अकरावीले दाखवायची आहे." पंधरवड्यानं माझ्यासमोर बिस्किटांचा डबा ठेवला. आत हिरवीगार हरळी.

"पाती सारी खुडली होती, सर. एक पेर मातीत राह्यलं."

"मग?"

"मूत्राशयाच्या अस्तरात तळाशी मूळपेशी असतात. जखम झाली की त्या नवं अस्तर तयार करतात. कर्करोगातल्याही काही पेशी हीच खोड उचलतात. गाठ काढली तरी एखादी मागं राहते, पुन्हा फुटते. अन् तुमी वरवर निंदून बांधावर झोपून राह्यले!"

सभा गाजवणारा मी, हळूच म्हणालो, "मॅडम, भेव वाटते."

"मंग चाला. सादिक येतील संगं."

तपासणीत आणखी दोन कोंब सापडले. वेळेवर निघाले. जखम भरली, मॅडम, कवितेनं नाही.

त्या डब्यातली हरळी मी बांधावर लावली. वावरात वैरी, बांधावर मात्र माती तीच धरून ठेवते.

आज मंचावर चढताना मॅडमनी भाषणाचं विचारलंच नाही. म्हणाल्या, "यंदाची तपासणी?" मी मान डोलावली. उद्यापासून शिक्षकखोलीत हे कोण विचारणार? म्हणून सर्वांसमोर सांगतो, ती मान खोटी होती. चार महिने टाळतोय. सोमवारी जातो. सादिकभाई, येता ना?

संयोजकांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. मॅडम, तुम्ही मात्र घालू नका.