देवापुढचा आंबा पेटला

हसाल तुम्ही, पण आमच्या सापगावच्या घरी देवापुढे ठेवलेला आंबा पेटला होता. माझ्या डोळ्यांदेखत!

नणदेच्या दोन मोठ्या मुली सुट्टीला आलेल्या. त्यांना मी फळांच्या मेणबत्त्या शिकवत होते. आढीतला एकुलता एक पिकलेला आंबा ओल्या मातीत दाबून ठसा घेतला, पिवळे मेणखडू वितळवून ओतले आणि देठाच्या जागी वात लावली. मेणाचा आंबा इतका हुबेहूब झाला की मुलींनी गंमत म्हणून तो आढीतच ठेवला.

दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया. त्या दिवशी देवाला आंबा दाखवेपर्यंत आमच्या सासूबाई घरात कुणाला आंबा चाखू देत नाहीत. पहाटे अंधारात त्यांनी आढीतून नेमका तोच उचलला. आरतीत निरांजन जवळ गेलं मात्र, देठ भपकन पेटला!

"आगो आये! देवानं आंबा पेटवला! घरात कोनी पाप केलं गो?"

मी घाईघाईनं म्हटलं, "आई, पाप नाय, ती मेणबत्ती हाय. पोरींनी केलेली."

त्यांनी आंब्यात नख रुतवून बघितलं. चेहरा निवळला. मी सुटकेचा निःश्वास सोडते तोच त्या म्हणाल्या, "मेनाचा तं मेनाचा. पन आढीत एकच पिकला व्हता, आन आज तं ह्योच घावला. मंग देवाचा खरा आंबा खाल्ला कोनी?"

मी गुपचूप मुलींकडे बघितलं.

दोघी एका सुरात म्हणाल्या, "मामीनं!"