सोळा दिवसांचा उपास

(निपाणी, १९४६. तंबाखूचे जैन व्यापारी वर्धमान यांच्या घराची ओसरी. सकाळ. बेळगावची सर्व्हिस मोटार सुटायला अर्धा तास आहे. बोलणारे तिघे : वर्धमान, माहेरीच राहणारी त्यांची धाकटी बहीण ब्राह्मी, आणि त्यांचा मुलगा सुकुमार, जो बेळगावच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो.)

वर्धमान : पिशवी खाली ठेव, ब्राह्मी. मोटार जाऊ दे. तू जाणार न्हाईस.

ब्राह्मी : पिशवी माझ्या हातात हाय आण्णा, तुझ्या न्हवं.

वर्धमान : सुकुमार, तुला म्हैसूरला धाडून एम.ए. केलं, ते काय घरातल्या बाईला चाळीस पोरांपुढं हुबी करायला?

सुकुमार : चाळीस नाहीत आप्पा, तेवीस. त्यात दोन मुली.

वर्धमान : म्हंजे तेवीस घरांत बोभाटा. झालं!

सुकुमार : अहो, या मुलांना मानसशास्त्र म्हणजे पाठ करायच्या व्याख्या वाटतात. मागल्या आठवड्यात मी पहिल्यांदा सांगितलं, की मन दुखणाईत झालं तर त्याची तपासणी करून, माणसाशी बोलून त्याला बरं करण्याचं एक शास्त्र आहे, परदेशात त्याचे दवाखाने आहेत. तर मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, म्हणजे वेड्यांची शाळा!" सगळा वर्ग हसला.

ब्राह्मी : त्या हसणाऱ्याला मला पुढच्या बाकावर बसवायचाय.

वर्धमान : थट्टा सुचतीया व्हय? परवा संकेश्वरची माणसं माझ्या कांताला बगाया येत्यात. पोरीची आत्ती येडी व्हती म्हटल्यावर कोण पाऊल ठेवंल दारात?

ब्राह्मी : येडी व्हते तवा लपवलंस. बरी झाले तरी लपवतोस. मग बरं होऊन मी मिळवलं काय?

वर्धमान : अगं, तुला येडी कोण म्हणतंय? साऱ्या तालुक्यात नाव हाय तुझं. सोळा दिवस निव्वळ कढत पाण्यावर! अजून बायका वाटंत भेटल्या की पाया पडत्यात.

ब्राह्मी : त्याचाच वीट आलाय मला. आण्णा, मी उपास केलाच नव्हता.

वर्धमान : परत त्येच!

ब्राह्मी : परत त्येच, आणि मरस्तवर त्येच. उपास करणारी माणसं मला ठाऊक हायत. आपली आईच व्हती. देवळात जाऊन नेम घ्यायची, आठव्या दिवशीबी हसत सडा घालायची. मी कुठं नेम घेतलता? माझा ल्योक पारिसा तीन वर्सांचा, देवी येऊन गेला. त्यो गेला आणि घास घशाखाली उतरंना झाला. आई म्हणाली, पोरीनं उपास धरलाय. पाचव्या दिवशी बायका गाणी म्हणाया आल्या. आठव्या दिवशी गाव लोटलं. बोलायला बळ नव्हतं, तर म्हणाले, मौन बी धरलंय!

सुकुमार : आप्पा, दुःखानं खचलेल्या माणसाचं खाणं, बोलणं, झोप सगळंच तुटतं. तो आजार आहे.

वर्धमान : तुझा त्यो इंग्रजी आजार आमाला काय ठाऊक? आमच्या डोळ्याला तप दिसलं, आमी हात जोडले. म्या सोता बग्गी सांगितली, वाजंत्री लावली, रेशमी लुगडं आणलं.

ब्राह्मी : आणि मिरवून घरात आणल्यावर पारण्याला चांदीच्या वाटीतनं उसाचा रस तोंडाला लावलास. मी वाटी भिरकावली. म्हटलं, मला मरू द्या. घरातलीच चार माणसं व्हती तवा, म्हणून तुमचं झाकून गेलं. मला वखारीमागच्या खोलीत घातलं आणि गावाला सांगितलं, ब्राह्मी मौनात हाय, कुणाला भेटत न्हाय. चार वर्सं तंबाखूच्या धुळीत खोकत व्हते, आण्णा. भाईर बायका माझ्या नावानं आपल्या सुनांना उपास शिकवत व्हत्या.

वर्धमान : झालं गेलं उकरून काय मिळतं गं? सुकुमारनं तुला म्हैसूरला नेलं, तवा मी आडवा आलो काय?

सुकुमार : नाही आलात. पण तिथं काय झालं, हेही कधी विचारलं नाहीत. माझ्या सरांनी पहिल्या दिवशी तिला एकच प्रश्न विचारला, कन्नडमध्ये. मुलाचं नाव काय?

ब्राह्मी : चार वर्सांत कुणी विचारलं नव्हतं. मला त्रास नको म्हणून ह्या घरात त्याचं नावच टाकलं तुमी. मी नाव सांगितलं आणि दुपारभर रडले. मग आठ महिने रोज जाऊन बोलले. सुरवातीला वाटायचं, ह्यो कसला डाक्टर, ना मुळी देतोय ना बाटली! पर एक दिवस खरी भूक लागली. आमटीत मीठ कमी हाय म्हणून खानावळवाल्याशी भांडले मी.

सुकुमार : त्या दिवशी सर म्हणाले, आता काळजी नाही.

वर्धमान : बरं वाटलं, आनंद हाय. घरात ऱ्हा, खा, भांड. वर्गात कशाला?

सुकुमार : आप्पा, मग... मधला मार्ग काढू. आत्ती येणार नाही. मीच तिची हकीकत सांगतो, नाव-गाव न घेता. आमच्या शास्त्रात तशी रीतच आहे. 'एक स्त्री, वय बावीस.'

वर्धमान : हां! हे शाण्यासारखं बोललास.

ब्राह्मी : सुकुमार, काल दिवेलागणीला धापा टाकत कशाला आलतास, ते बापाला सांगायला जीभ अडखळतीया व्हय रं? सांग. न्हायतर मी सांगते.

सुकुमार : सांगतो. काल वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागं थांबली, आप्पा. चिकोडीची. तिच्या थोरल्या बहिणीचं, शालूबाईचं, मूल बाळंतपणात दगावलं. आज नववा दिवस, ती जेवत नाही, बोलत नाही. घरात मिरवणुकीची तयारी चाललीय. त्यासाठी या मुलीला न्यायला आज दुपारी तिचे वडील कॉलेजात येणार आहेत. हिनं त्यांना पत्र घातलं होतं, अक्काला डॉक्टर दाखवा म्हणून. त्यांचं उत्तर आलं.

वर्धमान : काय आलं?

सुकुमार : "निपाणीच्या ब्राह्मीबाईनं सोळा दिवस काढले. आमची शालू का नाही काढणार?"

वर्धमान : ...आं?

ब्राह्मी : ऐकलंस? माझं नाव घेऊन एक पोर मरणाला लावल्यात. आता वर्गात 'एक बाई' सांगून काय उपेग? एक बाई म्हंजे कुणीच न्हाय. त्या बापानं ब्राह्मीबाईवर भरवसा टाकलाय, तर ब्राह्मीबाईनंच त्यो मोडायला पायजे.

वर्धमान : मग सरळ चिकोडीला जा की. त्याच्या घरात चार भिंतींत सांग.

ब्राह्मी : दारातच पाया पडतील माझ्या. पाटावर बसवून आरती करतील. तितं माझं कोण ऐकणार? वर्गात मास्तरानं बसवलं की बापालाबी गप बसून ऐकावं लागतं. ऐकलं की त्याच्याच मोटारीतनं शालूबाईकडं जाणार मी. आणि ती तेवीस पोरंबी ऐकू देत. उद्या त्यांच्या घरात कुणी ताट सारलं, तर एखादा तरी इचारंल, का सारलंस म्हणून.

वर्धमान : आणि कांता? तिचं लगीन मोडलं तर?

ब्राह्मी : कांताला सकाळीच विचारलं. म्हणाली, "जा तू. उद्या माझं पोर गेलं, तर त्या लोकांनी मलाबी वखारीत घालायचं काय?"

सुकुमार : आत्ती, मोटारीचा भोंगा वाजला. चल.

वर्धमान : थांब. वखारीचंबी सांगणार तू?

ब्राह्मी : सांगणार.

वर्धमान : कडी कुणी घातली, ते?

ब्राह्मी : तेबी. माझं नाव उघडं करायचं आणि तुझं झाकायचं, असं दोन तोंडांनी मला बोलता येत न्हाय.

वर्धमान : मी काय दुष्ट व्हतो काय गं? तुला पाटावर बसवली तवा मला वाटलं, आपल्या घरात पुण्य आलं. अगदी खरं वाटलं व्हतं.

ब्राह्मी : ठाऊक हाय, आण्णा. चिकोडीच्या त्या घरातबी आज समद्यांना खरंच वाटतंय.