गुळव्याची लेक आणि इलोकोसचं बंड

मी शालन, कोल्हापूरच्या बाजूची, पंचगंगेच्या काठाला आमचं गाव, आणि आधीच सांगतो ताई, मी गेलो, मी आलो असंच बोलतो, आमच्याकडं बायका असंच बोलतात, इथं सिंगापूरला, टॅम्पिनीसला राहून तीस वर्षं होत आली तरी ते काय सुटलं न्हाई. तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला हसू येत असंल, हसा, पण लिहिताना सुधारू नका. आमचे आण्णा गुळव्या हुते. म्हणजे गुऱ्हाळ दुसऱ्याचं, ऊस दुसऱ्याचा, काहीलपण दुसऱ्याची, पण रस कधी उतरवायचा ते आण्णा सांगणार. काहील म्हणजे ही एवढी मोठी लोखंडी कढई, खाली चुलवाणात चिपाडं पेटलेली, वर रस रटरटतोय आणि आण्णा नुसतं फेसाकडं बघत उभे. मधेच बोटभर पाक उचलून गार पाण्यात टाकायचे, त्याची गोळी वळली की म्हणायचे उतरा, मग सगळी धावली. जरा इकडंतिकडं झालं की अख्खा गूळ बिघडला. मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून तिथंच, रानभेंडी ठेचून तिचं चिकट पाणी रसात सोडायचं काम माझ्याकडं, त्यानं मळी वर येते. शाळा दहावीपर्यंत झाली. बोलायला मात्र मी पहिल्यापासून फटकळ.

लग्न झालं ते ह्यांच्याशी, हे डिप्लोमावाले, जहाजांचे नकाशे काढायचं काम, कंपनीनं सिंगापूरला पाठवलं, दोन वर्षांसाठी म्हणून आलो आणि पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी होऊन बसलो. मुलगी अदिती इथंच झाली. ती शाळेत गेली, मोठी झाली, मराठीत विचारलं की इंग्लिशमधून उत्तर द्याय लागली, मग मी दिवसभर घरात भिंतींशी काय बोलू. एका ओळखीच्या बाईनं म्युझियममध्ये काम लावून दिलं. मोठं न्हाई ते, लहानसं हाय, नाव नका लिहू. काम काय तर युनिफॉर्म घालून खुर्चीत बसायचं आणि कुणी वस्तूला हात लावाय गेलं की प्लीज डोन्ट टच म्हणायचं. काय सांगू तुम्हाला, अकरा वर्षं मी तेवढं एकच वाक्य बोललो. माझ्यासारखीला तोंड बंद करून बसवायचं म्हणजे शिक्षाच की.

आणि पुढं काय झालं, गाईड यायचे. वीस-वीस माणसं घेऊन यायचे, माझ्यासमोर उभं राहून सांगायचे, लोक माना डोलवायचे, टाळ्या वाजवायचे. त्यातला एक जण तर दरवेळी चुकीचं सांगायचा, एका भांड्याला दुसऱ्याचं वर्णन, आणि मी तिथंच बसून ऐकतोय. मला वाटायचं, एकदा मला उभं करा, मी सांगतो. घरी बोललो तर अदिती म्हणली, आई, युवर इंग्लिश लाइक दॅट, हाऊ टू गाईड लाह. हे पेपर वाचत हुते, ते नुसते हसले. त्या दिवशी मी मनात पक्कं केलं की गाईड व्हायचंच. दुसरं काय मला नको हुतं, पण हे पायजे हुतं.

संधी आली ती नव्या दालनामुळं. फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य हुतं त्या काळाचं दालन. मला तर स्पेनचा आणि त्यांचा काय संबंध तेच ठाऊक न्हाई. त्यासाठी नवीन गाईड घ्यायचे हुते, स्टाफमधल्यांनी पण अर्ज केला तरी चालंल म्हणले, परीक्षा दोनदाच देता येणार, तिसऱ्यांदा न्हाई. मी अर्ज टाकला. आमच्या क्युरेटर मिस टान, बारीक चणीची बाई, कधी आवाज चढवणार न्हाई, पण डोळ्यातनं काय सुटणार न्हाई, त्यांनी मला कागदांचा गठ्ठा दिला आणि म्हणल्या, शालन, वाचा.

मी वाचलं. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत वाचलं, हॉकर सेंटरला जेवताना वाचलं, शब्द अडला की अदितीला मेसेज. आणि ताई, मला वेडच लागलं. मनिलाहून मोठमोठी जहाजं निघायची, चीनचं रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले आणि आपल्या हिंदुस्थानचं सुती कापड सुद्धा, हे सगळं भरून पार मेक्सिकोला जायची आणि परत येताना चांदी घेऊन यायची. आपलं कापड एवढ्या लांब गेलं, मला कुणी शाळेत सांगितलं न्हाई. पण जहाज काय आपोआप तयार हुतंय व्हय. जंगलातनं लाकूड तोडून ओढून आणायला गावागावातनं माणसं सक्तीनं धरून न्यायचे. पेरणी पडली, बायकापोरं उपाशी, त्याचं कुणाला काय न्हाई. एका बेटावरच्या माणसांना लांबच्या गोदीत कामाला पाठवायचा हुकूम निघाला तेव्हा ती माणसं उठली, डोंगरात जाऊन लढली. ते वाचताना मी दोन स्टेशनं पुढं गेलो.

दालनात शेवटी काय ठेवलंय, तर काहील. खरंच सांगतो, मी बघितली आणि पाय जागेवर थांबले. लोखंडी, रुंद तोंडाची, शेजारी मातीच्या मोठ्या बरण्या. ती हाय इलोकोसची, फिलिपिन्सच्या उत्तरेकडचा मुलूख तो. तिथं उसाचा रस काढतात, उकळतात, आणि त्याची बासी म्हणून दारू करतात. स्पेनच्या सरकारनं हुकूम काढला की बासी घरी करायची न्हाई, सरकारी दुकानातनं विकत घ्यायची, आणि लोकांनी बंड केलं. मी म्हणलं, हे तर माझ्या घरचं, हे मला कुणी शिकवाय नको. तिथंच घोटाळा झाला.

माझ्याबरोबर त्याच दालनात ड्युटीला लूझ असायची. इलोकोसचीच, पन्नाशीची, मुलं गावाकडं आईजवळ वाढवली तिनं, स्वभावानं गरीब, पण गप्प राहून बघणारी. तिला एका शब्दानं मी विचारलं न्हाई. मला वाटलं, उसाचं मला काय विचारायचंय.

परीक्षेचा दिवस आला. मिस टान आणि जुने दोन गाईड, एवढेच ऐकणारे. जहाजाचा माल सांगितला, झक्कास झालं. लाकडाचं सांगितलं, ते दोघं वहीत लिहाय लागले. मग काहिलीपुढं आलो आणि मी सुटलो. रस कसा ओततात, मळी कशी काढतात, भेंडीचं पाणी कधी, फेसाचा रंग कसा बदलतो, पाण्यात गोळी कशी वळते, आणि मग म्हणलं, अँड देन, दिस इज जॅगरी. सरकारनं म्हणलं गूळ करू नका आणि ह्या लोकांनी तलवारी काढल्या. मिस टान हळूच म्हणल्या, शालन, व्हेअर इज द वाइन. आता तिथं गप बसावं की न्हाई. पण मी कसला गप बसतोय, मी म्हणलं, मॅडम, जिथं काहील तिथं गूळ, माझे वडील गुळव्या हुते, मला माहीत हाय. समोर एवढ्या बरण्या ठेवल्यात, त्यावर पाटी हाय, आणि मी त्यांना गूळ सांगतोय. नापास. लूझ कोपऱ्यात ड्युटीला उभी हुती, तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली न्हाई. चौथ्या दिवशी लंच टायमाला मी तिच्यापुढं जाऊन बसलो, म्हणलं, रागवलीस का, बोल तरी. ती म्हणली, आमची माणसं मेली ती बासीसाठी, आणि तू त्याची मिठाई केलीस. एवढंच. मला ताई, कुणी मुस्काटात मारली असती तर परवडली असती. रडूच आलं मला. म्हणलं, माझं चुकलं, मला शिकव.

रविवारी तिला सुट्टी असते, तिला घरी बोलवलं. खालच्या हॉकर सेंटरच्या रसवाल्याकडनं उसाचा रस आणला, लिंबू नको म्हणून तीनदा सांगितलं, तरी पठ्ठ्यानं एका पिशवीत घातलंच, ती अदितीनं पिऊन टाकली. बाकीचा पातेल्यात ओतला आणि दोघी गॅसजवळ उभ्या राहिलो. रस उकळला, मळी आली, मी काढली, लूझ बघत हुती, म्हणली, तुझा हात चांगला हाय. मग जरा आटला आणि ती म्हणली, आता बंद कर. मी म्हणलं, अजून थोडा. ती म्हणली, बंद कर. मला जमेना की हो. गुळव्याची लेक मी, पाक आल्याशिवाय खालचा जाळ बंद करायचा म्हणजे हात धजतच न्हाई. शेवटी तिनं माझा हात बाजूला केला आणि बटण फिरवलं. म्हणली, इथं थांबायचं. जास्त आटवला तर गोडच राहतो, आंबत न्हाई, मेला म्हणून समज. इथं थांबवून गार करायचा, मग त्यात झाडाचा पाला, साल घालायची, बरणीत भरायचा, केळीच्या पानानं तोंड बांधायचं आणि वाट बघायची. पुढचं आम्ही काय केलं न्हाई हां, ते तिनं तोंडानंच सांगितलं.

आणि मग तिनं जे सांगितलं ते कुठल्याच कागदात नव्हतं. लग्न ठरलं की बासी, बाळ झालं की बासी, आणि माणूस गेलं की पिण्याआधी थोडी जमिनीवर ओतायची, गेलेल्यांसाठी. ज्यानं त्यानं आपल्या घरची ओतायची. तिचा मामा अजून करतो, परसात बरण्या हायत त्याच्या. मी ऐकत राहिलो. मला तेव्हा कळलं हुकुमाचा अर्थ काय हुता. नुसती दारू बंद न्हाई केली त्यांनी. घरातलं माणूस गेलं तरी त्याच्या नावानं ओतायला सरकारी दुकानात जा, असा त्याचा अर्थ. कोण ऐकून घेईल. मी म्हणलं, लूझ, मी असतो तर मी पण उठलो असतो. ती पहिल्यांदा हसली.

दुसरी परीक्षा म्हणजे शेवटची. अदिती कॉलेज बुडवून आली हुती, क्लेमेंटीहून बस पकडून, मागं उभी राहिली. ह्यांनी सुद्धा हाफ डे घेतला. माल सांगितला, लाकूड सांगितलं, काहिलीपुढं आलो. ह्यावेळी मी सुरुवातच अशी केली की मागच्या वेळी मी इथं उभं राहून गूळ केला, कारण मी गुळाच्या घरातली, आपण दुसऱ्याच्या भांड्यात आपलाच पदार्थ बघतो. ते जुने गाईड हसाय लागले. मग मी रस कुठं थांबवायचा ते सांगितलं, बरणीचं सांगितलं, जमिनीवर ओतायचं सांगितलं, हुकूम सांगितला, लोकांनी गावं कशी ताब्यात घेतली आणि नदीकाठी स्पेनच्या फौजेनं त्यांना कसं मोडलं तेही सांगितलं. मिस टाननी विचारलं, सो दे लॉस्ट?

कागदात उत्तर यस हुतं. मी म्हणलं, मॅडम, नदीवर हरले. पण हुकूम काढणारे कुठं हायत आज? त्यांचं राज्य गेलं, जहाजं गेली, दुकानं गेली. आणि बासी? मी वळून लूझकडं बघितलं, ती ड्युटीलाच उभी हुती, म्हणलं, लूझ, तुझा मामा ह्यावर्षी काय करतोय सांग. ती घाबरली, युनिफॉर्म नीट केला, आणि म्हणली, मॅडम, बरण्या भरून झाल्या, माझ्या भाचीच्या लग्नात उघडणार. मग मिस टान टाळ्या वाजवाय लागल्या, अहो ज्या बाईला मी कधी मोठ्यानं हसताना बघितलं न्हाई ती. तिथंच पास म्हणून सांगितलं. अदिती पळत आली, गळ्यात पडली, म्हणली, आई, यू सो स्टेडी लाह, स्टेडी म्हणजे इथल्या पोरांच्या बोलीत एकदम भारी. ह्यांचे डोळे भरले हुते, मला म्हणले, एसी लई थंड हाय इथं.

आता शनिवारी मी मराठीतनं पण सांगतो. सेंगकांगकडनं तरुण जोडपी येतात पोरं घेऊन, आयटीवाली, बँकवाली. एक साहेब सुरुवातीला म्हणले, इंग्लिशमध्ये सांगणारं कुणी न्हाई का. मी म्हणलं, हाय की, मीच हाय, कशात पायजे बोला. तासभर हलले न्हाईत, जाताना पाया पडाय लागले, मी म्हणलं, राहू दे, पुढच्या वेळी आईवडिलांना घेऊन या. रविवारी फिलिपिन्सच्या बाया येतात, घरकाम करणाऱ्या, सुट्टीचा दिवस, नटूनथटून. आधी त्या बागेत बसायच्या, आता लूझ त्यांना घेऊन येते. माझं ऐकतात, पण बरण्यांपाशी आलो की मी बाजूला होतो आणि लूझ त्यांच्या भाषेत सांगते. मला त्यातला शब्द कळत न्हाई, तरी कुठं हसणार आणि कुठं गप होणार ते बरोबर कळतं.

गेल्या महिन्यात मी तिचा अर्ज भरून दिला. ती न्हाई न्हाई म्हणत हुती, मी ऐकलं न्हाई. पुढच्या बुधवारी तिची परीक्षा हाय. मी सुट्टी टाकलीय. देवानं तिच्या जिभेवर बसावं एवढंच मागणं, ती पास होणारच. तुम्ही पण या ताई, त्या दिवशी मी एक शब्द बोलणार न्हाई, पुढं उभं राहून नुसतं ऐकणार, तिच्या गावाची गोष्ट तिच्या तोंडून.