चूलबंद आवतन

…आन् वरून आमचे हे मलाच म्हणतेत, "तुला संगं कशाला धाडलं व्हतं? कुंकू लावायला का झोपा काढायला?" आता तुम्हाला सांगते, कुंकू लावायलाच धाडलं व्हतं! आन् मी लावलं बी! तिथंच तर सगळा घोळ झाला… थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्ही बी माझ्या सासूवानी निम्मं धरताल आन् निम्मं सोडताल. पयल्यापासून ऐका.

आमच्या बेबीनंदाचं, माझ्या लेकीचं लगीन. मांडव हसनाबादला, आमच्याच दारात. पत्रिका छापल्या व्हत्या, गुलाबी, सोनेरी गणपतीच्या, पण आमच्याकडं पत्रिकेला कोण विचारतं हो! घरची बाई दारात आली पाहिजे, कुंकू लावलं पाहिजे, तोंडानं बोलली पाहिजे, तवा ते आवतन. त्यात बी दोन परकार. एक 'घरटी एक माणूस', आन् एक 'चूलबंद'. चूलबंद म्हंजे त्या दिवशी त्या घरात चूलच पेटवायची न्हाई, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत समदे आमच्याकडं जेवायला! आता कुणाला चूलबंद, कुणाला घरटी एक, पयला मान कोणत्या दाराचा, हे काय कुठं लिव्हलेलं असतं का? ते समदं माझ्या सासूच्या डोक्यात. झुंबरबाई त्यांचं नाव. वय पंच्याहत्तर असंल. काम सांगितलं की नव्वद सांगतेत, कुठं जाऊ नका म्हणलं की साठ.

आन् त्या डोक्याचं औंदा काय झालं म्हणून सांगू… सकाळी चहा पिऊन कप खाली ठेवतेत आन् म्हणतेत, "केशर, आज या घरात चहा न्हाई का?" मधीच मला त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाका मारतेत. मी बी ओ देते. मेलेल्या माणसाला काम तर कमी सांगतील! पण बोलायची सोय हाये का? "आत्याबाई, तुम्ही इसरलात" म्हणलं की फाटकन उत्तर, "माझं ध्यान बराबर हाये!"

म्हणून आमचे हे म्हणले, "माय आवतनाला जाती म्हणती तर जाऊ दे, पण तू सावलीवानी संगं राह्य. काही गडबड झाली तर अप्पाराव पोरगी नेणार न्हाईत." अप्पाराव म्हंजे आमचे व्याही, राजूरचे. गेल्या साली त्यांनी पोराचं एक लगीन मांडवातून मोडलंय! काहून? तर पोरीकडच्या भावकीत पंगतीला भांडण लागलं. हे उठले, "ज्या घरची भावकी मांडवात भांडती तिथली पोरगी आपल्याला नको," म्हणले आन् वऱ्हाड घेऊन वापस! हळद लागलेली पोरगी तशीच बसून राह्यली हो…

आन् आमच्याकडं तर भांडण तयारच व्हतं. बावीस वर्षं जुनं!

चतुराबाई. माझी चुलतसासू, आत्याबाईची धाकटी जाऊ. राहती गल्लीत, चार दारं सोडून. मी या घरात आले बहात्तरच्या दुष्काळात, त्याच्या चार वर्षांनी या काकूनं बांधावरची बाभूळ न विचारता तोडून नेली, वखर करायला. एक बाभूळ! पण आत्याबाईनं शपथ घातली, "ही माझ्या दारात आली तर मी त्या दिवशी पाणी घेणार न्हाई." माझे सासरे वारले तवा काकू आल्या, तर आत्याबाईनं रडणं बंद केलं, पाठ फिरवून बसल्या. काकू गेल्या, मंग राह्यलेलं रडल्या. असं ते भांडण!

आता माझं सांगते, माझं बी झाकून ठेवत न्हाई. मी चव्वेचाळीसची. लांबचं असं दिसतं की यष्टी फाट्यावर वळली की पाटी वाचते, पण जवळचं… तांदळातला खडा दाताखाली आल्यावरच कळतो. भोकरदनच्या डॉक्टरनं चाळिशी दिली. पण लेकीच्या लग्नाचं आवतन, अंगावर नवी साडी, आन् नाकावर चष्मा? लोक म्हणतील, सासूला घेऊन फिरती का सासू हिला घेऊन फिरती! ठेवली चाळिशी फळीवर. आन् निघालो.

तुम्हाला सांगते, एकतीस घरं. एकतीस! एक चुकलं न्हाई. कुणाच्या नातवाचं नाव, कुणाच्या गायीचं नाव, बराबर! त्या पुढं, बोलायचं त्यांनी. मी मागं करंडा घेऊन, कुंकू लावायचं मी. मला तर लाजच वाटली, उगं आपण या बाईला इसराळू म्हणतो. अशी माझी भीड चेपली, आन् मंग माझं डोकं भलतीकडंच गेलं… दुधाला इरजण लावलं का न्हाई? लावलं तर कशात लावलं? या इचारात मान खाली घालून चालून राह्यले, आत्याबाई वळल्या तशी वळले. एका दारात थांबल्या. बाहीर ऊन असं की डोळे फुटावेत, आत अंधार. अंधारातून कुणी बाई आली. आत्याबाई खणखणीत बोलल्या, "परवा नातीचं लगीन हाये. चूलबंद यायचं!" मी पुढं झाले, लावलं कुंकू. जवळून काय दिसतंय मला? कपाळ म्हंजे नुसता भुरकट ढग. लावलं आन् एक पाऊल मागं सरले…

चतुराबाई!

कुंकू कपाळाला कमी आन् नाकाला जास्त, आन् त्या नाकाच्या वर दोन डोळे एवढे मोठे! काकूच्या तोंडून कसंबसं निघालं, "च… चूलबंद?" तर आमच्या आत्याबाई, "मंग काय घरटी एक? सख्खी जाऊ ना तू माझी!" आन् निघाल्या बी पुढच्या दाराला.

आता कुंकू लागलं, म्हंजे लागलं. ते काय पुसून घेता येतं का?

घरी आले, ह्यांच्या कानावर घातलं. तेच ते झोपा काढायचं बोलले. मंग गेले मायकडं, हळूच इचारलं, "माय, चतुराकाकूला आवतन दिलं का?" तर आत्याबाई ताडकन, "त्या सटवीच्या दारात? मी? जीव गेला तरी न्हाई! ती मांडवात दिसली तर मांडवातच बोलन. बाभूळ तोडली तिनं माझी. माझं ध्यान बराबर हाये!"

बघा! भांडण ध्यानात, आवतन गेलं. उलटं झालं असतं तर काय बिघडलं असतं हो?

दोन दिवस बेबीनंदा हळदीचे हात घेऊन माझ्यामागं फिरून राह्यली, "माय, आजी बोलली तर ते लोक वापस जातील का गं?" मी म्हणले, "न्हाई गं बाई." पण पोरगी माझ्या तोंडाकडं बघतच राह्यली, तिचे डोळे चांगले हायेत ना.

लग्नाच्या दिवशी मंग बंदोबस्त. आत्याबाईला बुंदीच्या खोलीत बसवलं. म्हणले, "तुमच्याशिवाय भरवसा न्हाई, इथून हलू नका." त्या खुश. काकू आल्या, पाची सुना-लेकरं घेऊन, खरंच चूल बंद करून! त्यांना बसवलं मांडवाच्या पार शेवटाला, खांबामागं. अक्षता पडल्या. मी देवाला हात जोडले. पंगत बसली. अप्पाराव समोरच, मिशीला पीळ देत. आन् बघते तर काय… आत्याबाई मांडवात! राखणीला बसवलंय हेच इसरल्या आन् आल्या बाहीर. चालत चालत थेट त्या खांबाकडं. मी मधी जाणार, तर हातात भाताची परात! टाकावी कुठं?

थांबल्या. काकूकडं बघितलं. लै येळ बघितलं. आन् मांडव ऐकंल एवढ्या आवाजात…

"चतुरे! बाभूळ तोडलीस तू माझी!"

अप्पारावांचा हात पत्रावळीवर तसाच. माझी बेबीनंदा पाटावर पांढरीफटक, हळद असून पांढरी. आमचे हे खांबाला धरून उभे.

काकूनं मान वर केली, घास गिळला आन् इचारलं, "कोणती बाभूळ, बाई?"

"कोणती म्हंजे? बांधावरची!"

"आपण बोलत न्हवतो, हे ध्यानात हाये माझ्या," काकू म्हणल्या, "पण कशापायी, ते डोक्यातून गेलंय बघा. लै दिवस आठवून राह्यले. कुणाला इचारावं, तर तुम्हालाच इचारायला पाहिजे, आन् आपलं तर बोलणं बंद!"

आत्याबाईचं तोंड बघायला पाहिजे व्हतं तुम्ही! "ऐका! ऐका हो समदे! बावीस वर्षं मी हिच्याशी बोलले न्हाई, सणावाराला बोलले न्हाई, नवरा मेला तवा बोलले न्हाई, आन् हिला याद बी न्हाई!" आन् ती बाई अशी रडायला लागली… मांडवात, मोठ्यानं! काकू उठल्या, पदर लावला तिच्या डोळ्याला, "उगी, बाई, उगी. बसा इथं. मला पयल्यापासून सांगा." आन् बसल्या हो! एका पत्रावळीवर! आत्याबाई सांगून राह्यल्या कशी कुऱ्हाड आणली, कशी फांदी पडली, आन् काकू वरणभात कालवत, "अगंबाई! कसली गं ती बाई! बरं केलं तुम्ही, न बोलून."

मी अप्पारावांकडं बघितलं. मिशी थरथरली. मला वाटलं, उठला माणूस! तर म्हणले काय, "विहीणबाई, जावा-जावांत एवढी माया आमच्याकडं न्हाई बघायला मिळत. बुंदी वाढा!"

लगीन पार पडलं. पोरगी सुखरूप राजूरला गेली. समदं गोड झालं म्हणताल तुम्ही. थांबा.

आता रोज सकाळी चतुराकाकू आमच्या ओसरीत. आन् रोज सकाळी आत्याबाईला नव्यानं आठवतं, "बाभूळ तोडलीस!" काकू नव्यानं इचारतेत, "कोणती?" पुन्हा कुऱ्हाड, पुन्हा फांदी, पुन्हा रडणं, पुन्हा चहा. दुपारपर्यंत गळ्यात गळे, आन् दुसऱ्या दिवशी पाटी कोरी! मधी कुठं अडकल्या की मला हाक, "केशर, त्या दिवशी कोण कोण व्हतं गं?" मीच त्या भांडणाची साक्षीदार झाले. आन् तुम्हाला सांगते, रोज ऐकून ऐकून माझ्या डोक्याचं बी दही झालंय. परवा भाकरी थापता थापता दोघींनी इचारलं, "बाभूळ कुणी तोडली गं, नक्की?" आन् माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीच तोडली ना, आत्याबाई, काकूची?"

झालं. केशरनं सासूवर आळ घेतला, हे मात्र दोघींच्या बराबर ध्यानात राह्यलं. आज पाचवा दिवस हाये, दोघी एकमेकीला धरून बसतेत आन् माझ्याशी कुणीच बोलत न्हाई.